एकशे एकोणनव्वद

"नाव तं नाही आलं व."

हे शब्द कानावर आले तेव्हा मी पाठमोरी होते. प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावायचं काम मी मागून घेतलं होतं, कारण ते करताना कुणाशी बोलावं लागत नाही. आमची तिसरी मैफल नुकतीच संपली होती. बासरीवाला बासऱ्या कापडी पिशवीत भरत होता. मंगल कार्यालयाच्या दाराशी लोक आपापल्या चपला शोधत होते आणि शेवटच्या रांगेत दोघंच उरली होती. एक म्हातारे गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. शेजारी त्यांची बायको. तिला मी ओळखत होते. मोताळ्याच्या आठवडी बाजारात ती मेथी, पालक आणि सांबार घेऊन बसते. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

"घेतलं असन," मावशी म्हणाली. "तुमचंच ध्यान नसन."

"ध्यान? पयलेपासून नावासाठीच तं बसून आहो मी."

ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. पण आवाजात राग नव्हता, फक्त दम लागला होता. एवढं बोलून ते थांबले आणि दोन-तीनदा श्वास ओढून घेतला. मग मावशीने दंडाला धरून त्यांना उठवलं. मी वळले नाही. हातातली खुर्ची एका थप्पीवर ठेवली, काढली, दुसरीवर ठेवली.

त्यांचं नाव माझ्या कुर्त्याच्या खिशात होतं. चार घड्या घातलेल्या कागदावर, मीच लिहिलेलं.

या मैफली सुरू केल्या त्या सरांनी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, तरुणपणी भजनी मंडळांत आणि गाण्याच्या कार्यक्रमांत पेटी वाजवलेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. चांगलं गाणं ऐकायला इथल्या माणसाला अकोल्याला नाहीतर संभाजीनगरला जावं लागतं, आणि तिथलं तिकीट त्याला परवडत नाही. म्हणून इथेच महिन्याला एक मैफल, तिकीट वीस रुपये, शाळकरी मुलांना फुकट. वीस रुपयांत कलाकाराचं गाडीभाडंही निघत नाही, तेव्हा बाकीचं देणगीतून. मंगल कार्यालयाचे मालक लग्नाची तिथी नसलेल्या रविवारी हॉल फक्त वीजबिलाच्या पैशात द्यायला तयार झाले. त्यामुळे आमची तारीख पंचांग पाहून ठरायची, मात्र उलट्या बाजूने. ज्या दिवशी मुहूर्त नाही तो आमचा दिवस.

मी त्यात आले वडिलांमुळे. डिग्री संपवून मी घरी होते, बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करत होते, म्हणजे बराच वेळ गच्चीवर फेऱ्या मारत होते. वडिलांनी सरांना सांगितलं, पोरगी लॅपटॉपवर पोस्टर चांगलं करते. पोस्टर झालं. मग पावतीपुस्तक माझ्याकडे आलं, आणि मग सरांनी ठरवून टाकलं की माईकवर निवेदनही मीच करायचं. मुलगी शिकलेली आहे, आवाज चांगला आहे, असं ते म्हणाले. त्यांनी माझा आवाज तोवर फारसा ऐकलाच नव्हता.

निवेदनाला मी घाबरले नव्हते. कलाकाराचं नाव, दोन ओळी माहिती, शेवटी आभार, हे पाठ करता येतं. मी घाबरले ते पहिल्या बैठकीत सर सहज म्हणाले त्याला. "आणि देणगीदारांची नावं वाचशील. नाव, गाव, रक्कम."

ही पद्धत मला काही नवीन नव्हती. आमच्या वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमात नावं वाचली जात, तेव्हा वडील आधी शर्टाची कॉलर सारखी करायचे आणि मग इकडेतिकडे बघत बसायचे, जणू काही लक्षच नाही. एका वर्षी त्यांनी माझ्या नावाने अकरा रुपये दिले. माईकवरून माझं नाव आलं तेव्हा मी आईच्या पदरात तोंड घातलं ते आभार होईपर्यंत बाहेर काढलं नाही. हेच कारण आहे, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. मी लाजाळू आहे, म्हणून मला नावं वाचणं आवडत नाही.

खरं कारण वेगळं होतं. मला मराठी आकडे येत नाहीत.

म्हणजे वीसपर्यंत येतात. तीस, चाळीस, पन्नास येतात. एक्कावन्न आणि एकशे एक तर लहानपणापासून कानावरच आहेत. पण मधले कुठेही पकडले तर गडबडते. बुलढाण्याच्या इंग्रजी शाळेत आम्ही सिक्स्टी एट म्हणायचो, घरी येऊनही सिक्स्टी एटच म्हणायचो, आणि घरच्यांना त्याचं कौतुक होतं. बाजारात कुणी "अडतीस" म्हणालं की मी पन्नासची नोट पुढे करते आणि जे परत येईल ते मोजल्यासारखं करून पाकिटात टाकते. देणगी एक्कावन्न, एकशे एक अशीच आली असती तर निभावलं असतं. पण सरांनी गावभर सांगून ठेवलं होतं, आकडा बघू नका, जेवढं जमेल तेवढं द्या. त्यामुळे यादीत सदतीस होते, अडुसष्ट होते, एकोणऐंशी होते. लिहिताना मला काही अडचण नव्हती. वाचायचं म्हटलं की आकडा इंग्रजीतच तोंडात यायचा.

म्हणून त्या बैठकीत मी म्हणाले, "सर, नावं नको वाचायला. चीप वाटतं."

बैठकीतलं ते माझं पहिलंच पूर्ण वाक्य होतं. सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं ते नाराज झाले. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला. ते सांगायला लागले, की उभं आयुष्य त्यांनी पेटीवर सूर धरून वाट बघण्यात घालवलं. गाणारा रंगात आलेला असायचा आणि कुणीतरी माईक ओढून अमक्यातर्फे एक्कावन्न, तमक्यातर्फे एकवीस असं सुरू करायचं. परत सुरुवात करावी तर गाणं निघून गेलेलं. "बरं बोललीस," ते म्हणाले. "नावं नकोतच."

बैठकीतले तिसरे म्हणजे मेडिकलवाले काका. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "कॉन्व्हेंटचं डोकं हाये बाप्पा. आपण काय बोलावं."

पुढच्या पत्रकावर मी खालच्या बाजूला ओळ टाकली, देणगीदारांची नावे जाहीर केली जाणार नाहीत. माझी सुटका छापून आली होती. सर ते पत्रक भेटेल त्याला अभिमानाने दाखवत होते.

तिसऱ्या मैफलीच्या आधीच्या बाजारात मावशीने मला हाक मारली. तिला कळलं होतं की पावत्या मी फाडते. बाजार उठत आला होता. तिने पोत्याच्या कोपऱ्याखालून पैसे काढले, नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी, आणि म्हणाली की एका बाजाराचे जेवढे होतील तेवढे द्यायचे असं ठरवलं होतं, हे आजचे. मी मोजून पावतीवर 189 लिहिलं. नाव विचारलं तर तिने नवऱ्याचं सांगितलं. चाळीस वर्षं ते लग्नाच्या बँडात क्लॅरोनेट वाजवत होते. आता दम्यामुळे फुंकता येत नाही.

"बँडाच्या गाडीवर मालकाचं नाव राहते," ती म्हणाली. "पत्रिकेत तं बँडाचंबी नाव नसते. म्हटलं, गाण्याचाच कार्यक्रम हाये, एक डाव त्यायचं नाव येऊ दे. माईकवर वाचजो, बाई. त्यायले घेऊन येतो मी."

तिला पत्रक वाचता येत नव्हतं. मला सगळं सांगता आलं असतं, आमचा नियम, पैसे परत हवेत का, काहीही. मी मान डोलावली. बोलण्यापेक्षा मान डोलावणं मला नेहमीच सोपं जातं.

आणि ते आले. पहिल्या रांगा रिकाम्या असतानाही शेवटच्या रांगेत बसले. मी माईकवर पाठ केलेल्या दोन ओळी म्हटल्या, बासरी झाली, आभार मानले आणि खुर्च्या लावायला गेले.

त्या रविवारनंतर मला एका जागी बसवेना. पुस्तक उघडलं की तेच पान. गच्चीवर जावं तर खाली उतरावंसं वाटे, खाली आलं की वर. आई म्हणाली, "काऊन अशी करून राह्यली तू? घर तुले चावते काय?" मी म्हणाले, परीक्षा आहे. परीक्षेला चार महिने होते.

बाजाराच्या दिवशी मी मावशीच्या रांगेकडे गेलेच नाही. दुसऱ्या टोकाला मेथी घेतली, ती पिवळी निघाली, पुन्हा फिरले, परत आले. दोनदा तिच्या मागून गेले. तिसऱ्यांदा तिने मान न वळवताच म्हटलं, "ये इकडे. किती चकरा मारशीन?"

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. तिने सरळ विचारलं की नाव वाचलं होतं का. आणि मी, जिला मराठीतला एक आकडा धड सांगता येत नाही, तिला एक मोठा शब्द मात्र बरोबर आठवला. मी म्हणाले, "मावशी, आम्ही ते गुप्तदान समजून घेतलं."

ती पालकाच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती. तिने हात थांबवला नाही.

"गुप्त?" ती म्हणाली. "आमचं सारं गुप्तच हाये, पोरी. एक बार उघड होऊ दे म्हटलं होतं."

मग तिने माझ्या पिशवीत सांबाराची जुडी टाकली आणि पैसे घेतले नाहीत. ती मला बोलली असती तर बरं झालं असतं. ती जुडी घरी नेऊन मी फ्रीजमध्ये मागे सारली. वाढताना भाजीवर घालायला आईने काढली तेव्हा मी जेवणावरून उठले.

त्याच आठवड्यात बैठक झाली. काका म्हणाले, देणगीचा डबा हलका लागून राहिला आहे. दुकानावर येणारे लोक विचारतात, नाव घेत नाही तर द्यायचं कशाला. धामणगाव बढ्याच्या एका व्यापाऱ्याने पत्रक वाचलं आणि घडी करून परत दिलं. चौथ्या मैफलीचा गायक ठरला होता, दुसरबीडकडचे एक कबीर गाणारे. त्यांच्यापुरतं निभेल. पाचवीचं सांगता येत नाही. सर खिडकीबाहेर बघत होते. एवढी चांगली गोष्ट लोकांना का कळत नाही, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. त्यांना वाटत होतं ते एका तत्त्वासाठी हरत आहेत. ते तत्त्व मी माझ्या भीतीवर घातलेलं पांघरूण होतं. हे फक्त मला माहीत होतं, आणि मी पेनचं टोपण काढत-लावत बसले होते.

शेवटी मी म्हणाले की नावं सुरुवातीला वाचता येतील. गाणं सुरू व्हायच्या आधी. मग मध्ये काही अडणार नाही. मागचीही सगळी वाचू.

सर खिडकीकडून वळले. मग म्हणाले, "सुरुवातीला चालेल." काका लगेच सरसावले. "मी वाचू काय?" सर म्हणाले, तुम्ही वाचायला घेतलं तर गायक दुसरबीडला पोचून जाईल.

इथे मी सुटले असते. काकांना यादी दिली असती, त्यांनी घोळून घोळून सगळी नावं घेतली असती, मावशीच्या मनासारखं झालं असतं आणि माझं कुणाला काहीच कळलं नसतं. मी तोंड उघडलं तेही, घ्या काका, असं म्हणायला. पण पावतीवर अक्षर माझं होतं आणि मान मी डोलावली होती.

"नको," मी म्हणाले. "मी वाचते."

आकडे कुणाला विचारायचे हा प्रश्न होता. वडिलांना विचारलं असतं तर ते हसले असते, आणि मग गावात ज्याला त्याला कौतुकाने सांगितलं असतं. शेवटी शिकवलं ते काकांच्या मेडिकलमधल्या साउंडबॉक्सने. फोनवरून पैसे आले की तो डबा मराठीत रक्कम म्हणतो, स्पष्ट, न अडखळता, बाईच्या आवाजात. मी दुकानाच्या पायरीवर रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून उभी राहायचे. त्र्याहत्तर रुपये प्राप्त झाले. सत्तेचाळीस रुपये प्राप्त झाले. मी ओठांत म्हणायचे. एकोणनव्वद मात्र कुणी देईना. मग मीच हिशेब करून वस्तू उचलल्या, कापूस, बँडेज, खोकल्याच्या गोळ्या, एकाच्या जागी दुसरी ठेवून बरोबर एकोणनव्वद केले आणि फोनवरून पैसे भरले. डबा म्हणाला. काकांनी पिशवी बांधता बांधता विचारलं, घरी कोणी पडलं-बिडलं काय? मी मान हलवली आणि तो शब्द तोंडात धरून घरापर्यंत चालत गेले. एकोणनव्वद, नव्वदला एक कमी. नव्याण्णव वेगळं. दोन्ही शेजारी ठेवले की माझं डोकं अजूनही भिंगरीसारखं फिरतं.

चौथ्या मैफलीला शेवटची रांग रिकामी होती. मी तीनदा माईकची उंची बदलली. सर पेटीवरून खुणावत होते, कर सुरू. गायक डोळे मिटून बसले होते. मी यादी बाहेर काढली आणि मावशीच्या पावतीची माझ्याकडची प्रत तिच्या खाली सरकवली, सगळ्यांत शेवटी वाचायला.

पहिली दहा-बारा नावं मी कशी वाचली मला आठवत नाही. आकड्यांवर बोट ठेवून, एकेक. अडुसष्टला थांबले, पण म्हटलं. आपलं नाव आलं की लोक वडिलांसारखेच इकडेतिकडे बघत होते. एका बाईने डोक्यावरचा पदर नीट केला. दोन-तीन नावं उरली होती तेव्हा दारातून मावशी आत आली. मागे ते होते, तोच पांढरा शर्ट. पण ते आत येईनात. दाराच्या कमानीखाली, बाहेरच्या बाजूला थांबले होते. वरात आली की बँडवाले जिथे थांबतात, नवरदेव आत जाईपर्यंत वाजवतात आणि तिथूनच परत फिरतात, नेमके तिथे. मावशीने परत जाऊन त्यांना हाताला धरून आणलं. ते शेवटच्या खुर्चीवर बसले आणि श्वास पुरेना म्हणून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवले.

मी त्यांचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पावतीवर होतं तसं. त्यांनी मान वर केली.

"एकशे नव्याण्णव रुपये," मी म्हणाले.

"नव्याण्णव नाही व," मावशी बसल्या जागेवरून म्हणाली. "एकोणनव्वद. वरचे दहा मी कुठून आणू?"

हॉल हसला. वाईट हसला नाही, पण सगळा हसला. काकाही, सरही. पाय दाराकडे निघाले होते, हे मला खरंच जाणवलं, टाच उचललेली होती. सर हसता हसता काहीतरी सावरून घेणारं म्हणत होते, होतं असं, पोरगी इंग्लिश शाळेतली आहे, चला आता सुरू करू. त्यांचा हात पेटीच्या भात्यावर गेला होता. मी गप्प राहिले असते तर तेवढ्यावरच मिटलं असतं. पांढऱ्या शर्टातले ते मात्र माझ्याकडे बघत होते, शेवटच्या रांगेतून, अजून काही बाकी असल्यासारखे.

मी माईक स्टँडवरून काढून हातात घेतला.

"एकोणनव्वद," मी म्हणाले. "मला मराठी आकडे येत नाहीत. मागच्या तीन वेळा नावं वाचली नाहीत ती त्यामुळे. चीप वाटतं म्हणून नाही. सरांना मी खोटं सांगितलं. यांचं नाव मागच्या वेळी माझ्या खिशात होतं." मग मी ते नाव पुन्हा एकदा पूर्ण घेतलं, आणि पुढे जे पावतीवर नव्हतं तेही म्हणाले. "मोताळा. चाळीस वर्षं क्लॅरोनेट, याच कमानीखाली. एकशे एकोणनव्वद रुपये."